विनोदी मालिकेतला शास्त्रज्ञ नेमका कुठे चुकतो?

विनोदी मालिकेत हुशार शास्त्रज्ञ आला की तो फसणार, हे प्रेक्षक धरूनच चालतो. यामागे आधी वेळेचं गणित आहे. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमातून जाहिराती वजा केल्या की हातात एकवीस-बावीस मिनिटं उरतात. तेवढ्यात पात्राला काहीतरी हवं असतं, आड काहीतरी येतं, फजिती होते आणि शेवटी सगळं पूर्वपदावर येतं. प्रयोग खरोखर यशस्वी झाला तर तो माणूस पुढच्या आठवड्यात प्रसिद्ध झालेला असेल, कदाचित गाव सोडून गेलेला असेल. मग त्याच घरात, त्याच सोफ्यावर पुढचा भाग कसा रंगणार? त्यामुळे फजिती ठरलेलीच असते. लेखकाच्या हातात एवढंच उरतं की ती कशामुळे व्हावी.

इथे लेखकांचे सरळ दोन गट पडतात. पहिल्या गटाचं यंत्र धूर सोडतं, फटाक्यासारखा आवाज होतो, शास्त्रज्ञाचे केस उभे राहतात. दुसऱ्या गटातला शास्त्रज्ञ खऱ्या प्रयोगशाळेत ज्या कारणांनी काम बिघडतं त्याच कारणांनी फसतो: एकक चुकतं, बाहेरचा गोंगाट मोजमापात शिरतो, जमिनीवर चाललेलं यंत्र अंतराळात चालत नाही. दुसऱ्या प्रकारचा विनोद जास्त टिकतो, कारण हसता हसता प्रेक्षकाला विज्ञान कसं चालतं ते कळून जातं. दोन्हींतला फरक ओळखायला एक चाचणी पुरते. दृश्यातलं यंत्र काढून तिथे दुसरं कुठलंही यंत्र ठेवा. दृश्य तसंच चाललं तर तो नुसता धूर. अडलं, तर लेखकाने मेहनत घेतलेली आहे.

ठाणे-नवी मुंबईकरांना या विषयाकडे लक्ष द्यायला जास्तीचं कारण आहे. खाडीच्या एका काठाला ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र, समोर वाशी. पूल ओलांडला की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. खारघरला कॅन्सरवर संशोधन करणारं ॲक्ट्रेक, नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था. इथल्या कितीतरी सोसायट्यांत शास्त्रज्ञ शेजारी राहतात, लिफ्टमध्ये भेटतात, भाजी घेताना दिसतात. तरीही शाळेतल्या मुलांना शास्त्रज्ञाचं चित्र काढायला सांगितलं तर बहुतेक वेळा टीव्हीवरचाच उतरतो.

कॅन ओपनरचा गोंधळ

'द बिग बँग थिअरी' ही शास्त्रज्ञ मित्रांवरची अमेरिकी मालिका २००७ ते २०१९ अशी बारा पर्वं आणि २७९ भाग चालली. तिचे विज्ञान सल्लागार डेव्हिड सॉल्ट्झबर्ग हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. पटकथेत लेखक 'इथे विज्ञान येईल' अशी जागा मोकळी सोडत आणि सॉल्ट्झबर्ग ती भरत. मागच्या फळ्यांवरची समीकरणंही तेच पुरवत. त्यामुळे या मालिकेतल्या चुका अभ्यासण्यासारख्या आहेत.

त्यातली सगळ्यात चांगली चूक २००९ मधली. मालिकेतला भौतिकशास्त्रज्ञ शेल्डन कूपर मित्रांना घेऊन आर्क्टिकवर जातो. त्याला चुंबकाचा एकच ध्रुव, म्हणजे मोनोपोल, शोधायचा असतो. आपल्या ओळखीच्या प्रत्येक चुंबकाला उत्तर आणि दक्षिण असे दोन ध्रुव असतात. चुंबक मधोमध तोडला तर दोन तुकडे होतात आणि प्रत्येकाला पुन्हा दोन्ही ध्रुव. सुटा ध्रुव आजवर कुणाला पक्का सापडलेला नाही, पण भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक यांनी १९३१ मध्ये दाखवून दिलं की असा कण असू शकतो आणि असला तर विद्युतभार ठरावीक पटींतच का मिळतो याचं उत्तर त्यातून मिळतं. शेल्डनला तीन महिन्यांनी यश मिळतं. तो विद्यापीठभर ईमेल पाठवून मोकळा होतो आणि मग मित्र कबूल करतात की त्याच्या त्रासाला कंटाळून ते इलेक्ट्रिक कॅन ओपनर चालू-बंद करत होते. त्याचा 'शोध' म्हणजे त्या मोटरचा खडखडाट होता.

हे शक्य आहे का? अर्धंमुर्धं. डबा उघडण्याच्या छोट्या यंत्रात बऱ्याचदा ब्रशवाली मोटर असते. चालू-बंद होताना तिच्यात ठिणग्या उडतात आणि प्रत्येक ठिणगीतून अनेक फ्रिक्वेन्सींवर पसरलेली विद्युतचुंबकीय लाट निघते. जवळच्या संवेदनशील कॉइलमध्ये तिचा झटका बसतोच. पण मोनोपोलची खूण वेगळी असते. अतिवाहक, म्हणजे विजेला अजिबात अडथळा न करणाऱ्या, तारेच्या वेढ्यातून साधा चुंबक आरपार गेला तर प्रवाह वर जातो आणि परत खाली येतो, हिशेब शून्य. मोनोपोल गेला तर प्रवाह एक पायरी चढतो आणि तिथेच राहतो, कारण अतिवाहकात तो विरत नाही. झटका आणि पायरी यांतला हा फरक आलेखावर डोळ्यांना दिसतो. शेल्डनसारख्याने तो पाहिला नाही, कारण त्याला उत्तर आधीच हवं होतं. विनोदाचं मूळ तिथे आहे, आणि ते स्वभावातही आहे आणि भौतिकशास्त्रातही. शिवाय नोंदी घेणारे, यंत्र सांभाळणारे आणि फसवणारे एकच होते. निकाल कसा यावा याच्याशी ज्यांचं काही देणंघेणं नाही असं कुणीही त्या तळावर नव्हतं.

पायरी एकदा खरोखर दिसली होती. १४ फेब्रुवारी १९८२ रोजी स्टॅनफर्ड विद्यापीठात ब्लास काब्रेरा यांच्या उपकरणात सिद्धांताने सांगितलेल्या उंचीचीच एक उडी नोंदली गेली. काब्रेरा यांनी शोधाचा डंका पिटला नाही. त्यांनी आणखी मोठी उपकरणं बांधली, वर्षानुवर्षं वाट पाहिली, आणि तशी उडी पुन्हा आली नाही. ती कशाची होती हे आजही सांगता येत नाही. शेल्डनचा ईमेल आणि काब्रेरांचा संयम शेजारी ठेवले की विनोदी मालिका नेमका कुठला भाग गाळते ते लक्षात येतं.

मोटरच्या गोंगाटाचा प्रश्न आपल्याकडे तर शतकभरापूर्वीच सोडवावा लागला होता. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून होत होत्या. मुंबईच्या घोड्यांच्या ट्राम विजेवर जाणार हे दिसू लागल्यावर वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांच्यापुढे पेच आला. ट्रामच्या विजेचा प्रवाह जमिनीतून परत फिरला की नोंदी निकामी होणार. त्यांनी चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. १९०४ मध्ये तिथे काम सुरू झालं आणि १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. जुन्या आणि नव्या नोंदी जोडता याव्यात म्हणून ही दोन वर्षं घातली. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली, तेव्हा चुंबकसूच्या खाडीपलीकडे शांत होत्या. कुलाबा-अलिबागचा हा वारसा आज नवीन पनवेलची भूचुंबकत्व संस्था सांभाळते. शेल्डनने आधी करायला हवं होतं ते काम मूस यांनी ट्राम येण्याआधीच करून ठेवलं होतं.

कॅन ओपनरच्या तोडीस तोड खरा किस्सा ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स रेडिओ दुर्बिणीचा. तिच्या ६४ मीटरच्या तबकडीला काही विचित्र क्षणिक लहरी मिळत. त्या आकाशातल्या वाटत, पण दिवसा, त्यातही जेवणाच्या वेळेच्या आसपास जास्त येत. २०१५ मध्ये उलगडा झाला. कुणीतरी मायक्रोवेव्ह ओव्हनची वेळ संपण्याआधीच दार उघडलं की आतला मॅग्नेट्रॉन, म्हणजे लहरी तयार करणारा भाग, बंद होताहोता एक लहर निसटत होती. शास्त्रज्ञांनी ओव्हन मुद्दाम तसा उघडून तीच लहर पुन्हा निर्माण करून दाखवली.

दहा हजार पटींचा घोटाळा

२०१३ च्या एका भागात शेल्डन एक जड मूलद्रव्य कसं बनवता येईल याचं गणित मांडतो. चीनमधला गट प्रयोग करतो, ते जुळतं आणि त्याचं कौतुक सुरू होतं. मग त्याला आपलीच चूक सापडते: तक्त्यातले आकडे त्याने वेगळ्या एककात वाचले होते, चौरस सेंटिमीटरच्या जागी चौरस मीटर. एका मीटरमध्ये १०० सेंटिमीटर, म्हणून एका चौरस मीटरमध्ये १०० गुणिले १००, म्हणजे १०,००० चौरस सेंटिमीटर. उत्तर दहा हजार पटींनी हललं आणि तरी योगायोगाने निशाणा लागला.

ही फजिती धुराच्या फजितीपेक्षा कितीतरी खोल आहे. इथे शास्त्रज्ञ यशस्वी होऊनही हरलेला आहे. लोक टाळ्या वाजवतात आणि त्याला त्या ऐकवत नाहीत. पुढच्या एका भागात लेनर्ड, जो प्रयोग करणारा भौतिकशास्त्रज्ञ आहे, स्वतः मोजमाप करतो आणि ते मूलद्रव्यच नाही असं दाखवतो. एकाचा निकाल दुसऱ्याने तपासणं हा विज्ञानाचा रोजचा व्यवहार. तो इथे दोन मित्रांच्या नात्यात बसवलेला आहे आणि म्हणून रंगतो.

एककांच्या घोटाळ्याने खरं यानही गेलं आहे. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ हरवलं. एका गटाचं सॉफ्टवेअर धक्क्याचं माप पाउंड-सेकंदात देत होतं, दुसरा गट ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होता. दोन्हींत ४.४५ पटींचा फरक. प्रवासभर तो थोडा थोडा साठत गेला आणि यान मंगळाच्या पृष्ठभागापासून सुमारे ५७ किलोमीटरवरून वातावरणात घुसलं. तिथून ते वाचणं शक्यच नव्हतं. शाळेत उत्तरासोबत एकक लिहिलं नाही म्हणून अर्धा गुण कापणारे शिक्षक किती योग्य असतात याचा याहून मोठा पुरावा नाही.

इंजिनीअरच्या चुका वेगळ्या का दिसतात

याच मालिकेतला हॉवर्ड वॉलोविट्झ इंजिनीअर आहे. त्याच्या दोन फजित्या एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात, कारण एक बरोबर जमली आहे आणि दुसरी नाही.

आधी न जमलेली. २००८ च्या भागात तो एका तरुणीवर छाप पाडण्यासाठी तिला मंगळावरची गाडी चालवायला देतो आणि गाडी खड्ड्यात अडकते. गाडी रुतणं अगदी खरं आहे. नासाच्या मंगळावरच्या गाड्यांपैकी ऑपॉर्च्युनिटी २००५ मध्ये वाळूच्या ढिगात आठवडेच्या आठवडे अडकली होती, स्पिरिट २००९ मध्ये रुतली ती कायमची. खोटं आहे ते समोर बसून गाडी हाकणं. मंगळ कुठे आहे त्यानुसार संदेश पोहोचायला साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात, तेवढीच उत्तर यायला. 'डावीकडे घे' म्हटल्यावर गाडी वळली की नाही हे कळेपर्यंत चहा होतो. म्हणून दिवसभराच्या हालचालींची यादी एकदम पाठवली जाते. लेखकांनी हा उशीर वापरला असता तर जास्त हशा मिळाला असता: चूक झाली आहे हे माहीत, पण ती पडद्यावर दिसायला वीस मिनिटं. त्या वेळात त्या मुलीशी काय बोलणार?

जमलेली फजिती अंतराळातल्या शौचालयाची. हॉवर्डने अंतराळ स्थानकासाठी बनवलेलं यंत्र वर पोहोचल्यावर त्याला कळतं की जेमतेम दहा वापरांनंतर ते बिघडणार. तो घरात त्याची प्रतिकृती बांधून चाचणी घेतो आणि सगळं छतावर उडतं. हे २००९ च्या मे महिन्यातलं. त्याच सुमारास खऱ्या स्थानकावर काय चाललं होतं पाहा. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये मूत्रापासून पिण्याचं पाणी करणारं यंत्र तिथे बसवलं गेलं. वजनरहित अवस्थेत वाफ आणि द्रव आपसूक वेगळे होत नाहीत, म्हणून मूत्र फिरत्या पिंपात उकळतात. यंत्राने ८५ टक्के पाणी परत द्यायचं होतं. पण वर राहणाऱ्या माणसांची हाडं झिजतात, त्यातलं कॅल्शियम मूत्रात उतरतं. मूत्र टिकवण्यासाठी घातलेल्या सल्फ्युरिक ॲसिडमधलं सल्फेट त्याला भेटलं की जिप्समचे खडे तयार होतात. यंत्र तुंबलं आणि प्रमाण सत्तरीच्या घरात आणावं लागलं. पुढे सल्फ्युरिकऐवजी फॉस्फोरिक ॲसिड वापरल्यावर गाडी रुळावर आली. डिझाइन जमिनीवरच्या माणसांच्या मूत्रावर तपासलं होतं. वरच्या माणसाचं शरीरच बदलतं, ही गोष्ट हिशेबात कमी पडली. इंजिनीअरची चूक बहुधा अशीच असते: सूत्र बरोबर, परिस्थितीचा अंदाज अपुरा.

बोट सोडून सगळं

जुन्या मालिकांचा साचा वेगळा होता. 'गिलिगन्स आयलंड' (१९६४ ते १९६७) मध्ये एका बेटावर अडकलेल्या सात जणांत एक प्रोफेसर असतो. तो नारळाच्या करवंट्या, समुद्राचं पाणी आणि नाणी घेऊन रेडिओच्या बॅटरीची सोय करतो. विज्ञान म्हणून यात तथ्य आहे: तांबं आणि लोखंड खाऱ्या पाण्यात ठेवले की एका करवंटीतून साधारण अर्धा व्होल्ट मिळतो. ९ व्होल्टला अठरा-वीस करवंट्या ओळीने जोडाव्या लागतील आणि प्रवाह तुटपुंजा असेल. पण याच माणसाला बोटीचं भोक बुजवता येत नाही. बोट तरंगली की मालिका संपली, म्हणून त्याची हुशारी नेमकी तिथेच थांबते. हा नियम आजही पाळला जातो. पात्र काय शोधू शकत नाही हे पाहिलं की कथा कशावर उभी आहे ते समजतं.

फजितीचा फटका कुणाला बसतो यावरूनही साचे ओळखता येतात. 'द मपेट शो' या बाहुल्यांच्या कार्यक्रमातले डॉ. बन्सन हनीड्यू शोध लावतात आणि भाजतो, उडतो, आक्रसतो तो त्यांचा मदतनीस बीकर. प्रत्येक वेळी. प्रयोगशाळेतली उतरंड इतक्या थोडक्यात क्वचितच कुणी दाखवली असेल.

आपल्याकडे 'साराभाई व्हर्सेस साराभाई'मधला जावई दुष्यंत आठवावा. घरातलं कुठलंही उपकरण बंद पडलं की तो आतल्या सुट्या भागांचं साग्रसंगीत व्याख्यान देतो, उपकरण उघडतो आणि घरच्यांच्या तोंडचं पाणी पळतं. देवेन भोजानी यांनी हे पात्र झकास केलं. त्याची तांत्रिक शब्दावली आणि ऐकणाऱ्यांचा धीर यांच्यातली ओढाताण, हाच त्याचा विनोद. 'तारक मेहता का उल्टा चष्मा'मधला अय्यर मात्र शास्त्रज्ञ आहे हे मुख्यतः सांगण्यापुरतंच. हशा येतो तो त्याची बायको बबिता आणि शेजारचा जेठालाल यांच्यावरून. तो बँकेत नोकरीला असता तरी बहुतेक भाग तसेच चालले असते. वर सांगितलेली चाचणी लावून पाहा. शास्त्रज्ञांनी भरलेल्या एवढ्या मोठ्या महानगरात घडणाऱ्या मालिकेत एका शास्त्रज्ञाचं काम दाखवायची संधी इतकी वर्षं वाया जावी, याची हळहळ वाटते.

लेखकच गणिती असला तर

'फ्यूचरामा' या कार्टून मालिकेच्या २०१० च्या एका भागात प्रोफेसर फार्न्सवर्थ दोन माणसांची मनं अदलाबदल करणारं यंत्र बनवतात. बिघाड असा की एकदा अदलाबदल झालेली दोन शरीरं पुन्हा आपापसांत बदलत नाहीत. गोंधळ वाढत जातो आणि सगळ्यांना मूळ शरीरात आणायचं कसं हा प्रश्न पडतो. या भागाचे लेखक केन कीलर यांची उपयोजित गणितात हार्वर्डची पीएचडी आहे. त्यांनी त्यासाठी नवं प्रमेय सिद्ध केलं: गोंधळ कितीही मोठा असो, बाहेरून दोन नवी माणसं आणली की सगळे आपापल्या जागी परत येतात. ही सिद्धता भागात फळ्यावर दिसते.

सगळ्यात लहान उदाहरण हाताने करून बघण्यासारखं आहे. ठाणेकर आणि वाशीकर यांची मनं बदलली आहेत. मदतीला ऐरोलीकर आणि बेलापूरकर आले. पहिली अदलाबदल ठाणेकराच्या शरीराची ऐरोलीकराशी. दुसरी वाशीकराच्या शरीराची बेलापूरकराशी. तिसरी ठाणेकराच्या शरीराची बेलापूरकराशी: ठाणेकर घरी पोहोचला. चौथी वाशीकराच्या शरीराची ऐरोलीकराशी: वाशीकरही पोहोचला. आता मदतीला आलेल्या दोघांचीच मनं उलटी राहिली, आणि ते दोघे आपापसांत अजून बदललेलेच नाहीत. पाचवी अदलाबदल त्यांची. एकही जोडी दोनदा वापरली नाही. चार चिठ्ठ्या आणि चार नाणी घेऊन टेबलावर दहा मिनिटांत हे जुळतं.

'द सिम्पसन्स' या कार्टून मालिकेत १९९८ साली होमर या पात्राच्या फळ्यावर असंच एक समीकरण आलं, ते कॉम्प्युटर सायन्स शिकलेल्या डेव्हिड कोहेन यांनी शोधलेलं: ३९८७ चा बारावा घात अधिक ४३६५ चा बारावा घात बरोबर ४४७२ चा बारावा घात. दहा अंकी कॅल्क्युलेटरवर हे जुळल्यासारखं दिसतं, म्हणजे फर्माचं शेवटचं प्रमेयच कोसळलं! ते सांगतं की दोनहून मोठ्या घातासाठी असं समीकरण पूर्ण संख्यांत जुळूच शकत नाही. फरक अकराव्या अंकात आहे. तो पकडायला मोठं यंत्र लागत नाही. ३९८७ च्या अंकांची बेरीज २७, ४३६५ ची १८, दोन्ही संख्यांना ३ ने भाग जातो, म्हणून डाव्या बाजूलाही जातो. ४४७२ च्या अंकांची बेरीज १७, तिला जात नाही. सहावीतल्या मुलाला येणारी कसोटी पुरते.

पडद्यावर न मावणारं

चांगल्या मालिकाही काही गोष्टी गाळतात आणि त्यांची उणीव जाणवते. पहिली म्हणजे काळ. काब्रेरांची वर्षं किंवा अलिबागची दोन वर्षांची दुहेरी नोंद बावीस मिनिटांत बसवणं अवघड आहे. दुसरी, 'काही सापडलं नाही' हा निकाल. संशोधनात तो निकाल मोलाचा असतो, कारण पुढच्याला ती वाट सोडता येते. मालिकेत मात्र तो अपयश म्हणूनच दिसतो. तिसरी, माणसांची संख्या. इटलीतल्या ऑपेरा प्रयोगात २०११ मध्ये न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण सुमारे ७३० किलोमीटरचं अंतर प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पार करताना दिसले. मोठ्या गटाने महिनोन्‌महिने तपासूनही चूक सापडेना, म्हणून त्यांनी निकाल जगापुढे ठेवून बाकीच्यांना तो तपासायला सांगितलं. शेवटी मुख्य दोष नीट न बसलेल्या फायबर केबलचा निघाला. एका तिरसट प्रतिभावंताच्या कथेत अशी केबल कोण पिळत बसणार?

संस्थेची चूक एका माणसाच्या माथी न मारता दाखवणारी मालिका म्हणून 'बेटर ऑफ टेड'चा २००९ चा एक भाग सांगावासा वाटतो. कंपनीचे नवे सेन्सर गोरी त्वचा ओळखतात, काळी ओळखत नाहीत. कृष्णवर्णीय शास्त्रज्ञासाठी दारं उघडत नाहीत, दिवे विझतात, नळ चालत नाहीत. अकरा वर्षांनी, २०२० मध्ये, एका वैद्यकीय अभ्यासाने दाखवलं की बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ऑक्सिजनची कमतरता ओळखायला जास्त वेळा चुकतो. त्वचेतल्या रंगद्रव्याचा प्रकाशाच्या शोषणावर होणारा परिणाम उपकरणांच्या चाचणीत पुरेसा धरला गेला नव्हता. कोविडच्या काळात आपल्या घराघरांत हेच यंत्र होतं.

नेरूळच्या सोसायटीतलं सौर वादळ

आता हे सगळं वापरून एक प्रहसन बांधू. वाशीच्या भावे नाट्यगृहात किंवा ठाण्याच्या गडकरीत एकांकिका करणाऱ्या कुणालाही ते पंधरा-वीस मिनिटांत बसवता येईल.

पात्र: निवृत्तीनंतरही संशोधन न सोडलेले काका, सात मजली इमारत, चौथा मजला. त्यांच्याकडे फ्लक्सगेट मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र आहे, एका नॅनोटेस्लाचा (या क्षेत्राचं अगदी बारीक एकक) फरक टिपणारं. मुंबईच्या आसपास पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे ४३ हजार नॅनोटेस्ला असतं. सौर वादळ आलं की त्यात घसरण होते: मोठ्या वादळात काहीशे नॅनोटेस्ला. २ सप्टेंबर १८५९ च्या प्रसिद्ध वादळात कुलाब्याला ती सुमारे १६०० होती. ही माहिती काकांच्या तोंडी सुरुवातीलाच द्यायची, म्हणजे पुढे प्रेक्षक स्वतः आकडे तोलतो.

काका यंत्र ज्या भिंतीला लावतात तिच्यामागे लिफ्टचा खड्डा आहे. लिफ्टला तोलणारं लोखंडी वजन वर-खाली होताना एक-दोन मीटरवर शेकडो नॅनोटेस्लाचा फरक सहज पडतो, म्हणजे अगदी वादळाएवढा. बिघाडाचं कारण इतकं नेमकं असलं की बाकीचं दृश्य आपोआप चालतं. सकाळी सात ते नऊ आलेख थयथय नाचतो, दुपारी शांत, संध्याकाळी सहानंतर पुन्हा सुरू. काका सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इशारा टाकतात: रोज सकाळी सात ते नऊ सौर वादळ. लोक मोबाइल बंद ठेवू लागतात. वरच्या मजल्याच्या काकू त्या वेळात मिक्सर लावत नाहीत. ऑफिसला जाणारी मंडळी वादळ टाळायला साडेसहालाच निघतात आणि वादळही साडेसहाला येऊ लागतं! काका थक्क होतात.

उलगडा प्रहसनातल्या दुसऱ्या हुशार माणसाकडून करायचा नाही. लिफ्टच्या सर्व्हिसिंगचा दिवस येतो. आलेख सरळ रेषा. काका खिडकीशी जाऊन सूर्याकडे काळजीने पाहतात, तोवर चार मजले चढून धापा टाकत आलेला वॉचमन पाण्याची बाटली मागतो आणि म्हणतो, 'आज लिफ्ट बंद आहे ना, साहेब.' त्याने नकळत नियंत्रित प्रयोग केलेला आहे: बाकी सगळं तेच ठेवून एकच गोष्ट काढली.

हे वाक्य पडल्यावर लगेच पडदा टाकू नये. काकांना दोन गोष्टी तपासू द्याव्यात, कारण त्यांची हुशारी इथेच दिसते. एक, कालावधी: लिफ्टचा उंचवटा काही सेकंदांचा, खरं वादळ तासन्‌तास, कधी दोन दिवस चालतं. दोन, दुसरं ठिकाण: खरं वादळ असतं तर त्याच क्षणी अलिबागच्या वेधशाळेतही दिसलं असतं, कारण ते एका इमारतीपुरतं येत नाही. काका मागच्या महिन्याचे आलेख काढतात आणि पसरट, तासन्‌तास चाललेली एक बारीकशी घसरण त्यांना दिसते. लिफ्टच्या गर्दीत ती हरवली होती. ती अलिबागच्या नोंदीशी जुळते. म्हणजे खरं वादळ त्यांनी टिपलं होतं, पण इशारा मात्र चुकीच्या गोष्टीचा दिला होता.

नेपथ्याला फार काही लागत नाही. आलेख मोठ्या पडद्यावर हवा, मागून लिफ्टच्या दाराचा आवाज, आणि प्रत्येक आवाजानंतर दोन सेकंदांनी रेषा हलली पाहिजे. हे दोन सेकंद काटेकोर पाळावेत. पहिल्या पाच मिनिटांत प्रेक्षकांतल्या चार जणांना संबंध कळला पाहिजे आणि काकांना शेवटपर्यंत कळता कामा नये. काकांना वेंधळं दाखवू नका, त्यांची वाक्यं बरोबरच असू द्या. त्यांनी भिंतीमागे काय आहे एवढंच विचारलेलं नाही.

मालिका करायची असेल तर शेवट पूर्वपदावर हवा. काका लिफ्टपासून दूर जायचं म्हणून यंत्र गच्चीवर नेतात. लिफ्टची मशीनरूम गच्चीवरच असते.